जंतू फेकून देण्याआधी

ऑपरेशन झाले, टाके निघाले, रुग्ण गावी परतला आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच जखमेतून पुन्हा पू येऊ लागला, अशी प्रकरणे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत येतच असतात. मागे मांडीत रॉड बसवलेल्या एका शेतमजुराच्या पुवाचा नमुना घेऊन त्याची बायको आली आणि तिने विचारले, "मॅडम, घरी शेनानं सारवतो म्हून असं झालं काय जी?" ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात कुणीतरी तिला तसे ऐकवले होते. ब्लड अगरच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीच्या रक्तमिश्रित जेलीच्या प्लेटवर सोनेरी झाक असलेल्या, भोवती पारदर्शक वलय पडलेल्या वसाहती उगवल्या. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस होता, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा, म्हणजे एमआरएसए. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रिपोर्टातही हेच नाव होते आणि कोणती औषधे लागू पडतात याची यादीही जवळपास तीच. तरीही हा जंतू रॉडवर दडून बसलेला जुनाच, की वॉर्डात नव्याने चिकटलेला, की खरोखरच घरचा, हे सांगण्याची सोय कल्चर-सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध चालते हे सांगणाऱ्या कागदात नसते.

ती सोय जिनोम सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जंतूच्या डीएनएतली सगळी अक्षरे क्रमाने वाचण्यात आहे. हे नाव २०२१ साली अमरावतीच्या करोना नमुन्यांमुळे आमच्याकडच्या वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. मात्र त्याचा उपयोग साथीच्या विषाणूपुरताच आहे, असा समज मागे राहिला. स्टॅफ ऑरियसच्या जिनोममध्ये सुमारे २८ लाख अक्षरे असतात आणि वर्षाकाठी त्यांतली जेमतेम काही बदलतात. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात पाच-सात अक्षरांचाच फरक निघाला, तर जंतू त्याच वंशावळीतला असून हाडात किंवा धातूवर चिकट थर करून राहिला असण्याची शक्यता मोठी. फरक हजारोंचा निघाला, तर संसर्ग नवा. आणि नमुना त्याच काळात त्याच वॉर्डात असलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या जंतूशी अगदी जवळून जुळला, तर घराच्या सारवणाकडे बोट दाखवण्याआधी वॉर्डाची तपासणी करावी लागते.

या तपासणीतून काय बाहेर येते, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या रुग्णालयाचे आहे. जून २०११ मध्ये तिथे कार्बापेनेम या जबर प्रतिजैविकांना न जुमानणारा क्लेबसिएला नावाचा जंतू असलेली एक रुग्ण दाखल झाली. तिला वेगळे ठेवले होते, जुलैत ती घरीही गेली, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी एकामागून एक रुग्ण सापडू लागले. एकूण १८ जणांमध्ये हा जंतू आढळला. त्यांतले ११ जण दगावले आणि त्यांपैकी ६ मृत्यू थेट या संसर्गामुळे झाले. जिनोम जुळवल्यावर दिसले की सगळ्यांचे मूळ त्या पहिल्या रुग्णातच होते आणि रुग्ण ज्या क्रमाने सापडले, त्या क्रमाने संसर्ग पसरलाच नव्हता. काहींच्या आतड्यात जंतू लक्षणांविना आठवडेच्या आठवडे राहिला होता. तो सिंकच्या मोरीत सापडला आणि साफ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या नवजात शिशू कक्षात असाच तपास झाला तेव्हा धागा एका कर्मचाऱ्यापर्यंत गेला. शेवटच्या रुग्णानंतर ६४ दिवस शांततेत गेले होते, कक्षाची कसून सफाई झाली होती, तरी एमआरएसए पुन्हा उगवला. मग १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि त्यांतल्या एकाकडे तो मिळाला. आपल्याकडे असे काही निष्पन्न झाले, तर गुन्हेगार म्हणून वॉर्डातल्या मावशींना उभे केले जाईल, ही भीती मला खरी वाटते. नाकात जंतू बाळगणे हा कुणाचा अपराध नसतो, आणि दोन जिनोम जुळले तरी कुणाकडून कुणाकडे गेला हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी कोणता रुग्ण कोणत्या खाटेवर किती दिवस होता, याची नोंद लागते. आमचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून सेवाग्रामला, तिथून कधी नागपूरला जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा केसपेपर नवा निघतो.

सिक्वेन्सिंगचे यंत्र आज अडचण राहिलेले नाही. नॅनोपोर या सिक्वेन्सिंगच्या तंत्राचे सर्वांत छोटे यंत्र तळहातावर मावते, आणि ते आमच्याकडे नसले तरी मोठ्या शहरात नमुना पाठवता येतो. खरी अडचण आधीची आहे. रिपोर्टावर सही झाली की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या भांड्यात जाते, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते योग्यच आहे. पण शुद्ध वसाहतीचा एक अंश आधी काढून ठेवलेला नसेल, तर तीन महिन्यांनी दुसरा नमुना येतो तेव्हा तुलना कशाशी करणार? त्या शेतमजुराच्या बाबतीत नेमके हेच झाले. पहिला जंतू कुणीच राखला नव्हता, म्हणून त्या बाईला मी एवढेच सांगू शकले की सारवणाला दोष देण्यासारखे कागदावर काहीच नाही.

जंतू ठेवायची उत्तम रीत म्हणजे ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर. भारनियमनात इन्व्हर्टरवर तसला फ्रीझर चालवणे आम्हाला परवडणारे नाही. त्यामुळे मी जुन्या पद्धतीकडे वळले आहे: घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत अगर, त्यात सुईने खोल टोचलेली वसाहत, आणि बाटली कुलूपबंद अंधाऱ्या कपाटात. क्लेबसिएला, ई. कोलाय, स्टॅफ हे असे महिनोन्‌महिने तगतात. न्युमोकोकससारखे नाजूक जंतू तगत नाहीत आणि साठवणीत एखादे प्लाझ्मिड, म्हणजे औषधरोधाचे जनुक वाहणारा डीएनएचा सुटा तुकडा, गळून पडण्याचा धोकाही राहतो, तेव्हा मूळ औषध-संवेदनशीलतेचा तक्ता बाटलीच्या क्रमांकाला जोडून ठेवावा लागतो. लेबलवर मी तारीख, नमुन्याचा प्रकार, वॉर्ड आणि खाट लिहिते. वहीत त्याआधी रुग्ण कुठे दाखल होता तेही. खाटेचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच येतो, आणि तो भरून घेण्यासाठी सध्या रोज वॉर्डातल्या सिस्टरांना फोन करावा लागतो.