आग्रहाची हवा

ठाण्यातल्या आमच्या आयसीयूत औषधांच्या ट्रॉलीला शिंप्याची टेप लटकलेली असते. 150 सेंटीमीटरची. पेशंट त्याहून लांब, म्हणून गुडघ्याखाली बोट दाबून ठेवायचं आणि टेप सरकवून उरलेला माणूस मोजायचा. नातेवाइकांना विचारून भागत नाही. पुरुषांची उंची हमखास दोन इंच वाढून येते. काचेतून बघणाऱ्यांच्या मनात मात्र मापं घेताना भलतंच काहीतरी येतं.

मापं लागतात ती श्वासासाठी. व्हेंटिलेटरने एका दमात किती हवा द्यायची, हे उंचीवरून ठरतं. मामलेदारची मिसळ खाऊन पोट वाढतं, फुप्फुसं नाही. 165 सेंटीमीटरच्या पुरुषाचं हिशेबातलं वजन साडे 61 किलो, मग काटा 95 का दाखवेना. किलोमागे 6 मिली, म्हणजे जेमतेम 370.

"एवढीशीच? जरा वाढवा ना डॉक्टर." आपला पिंडच आग्रहाचा. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच. फुप्फुसाला हातही आडवा धरता येत नाही. त्यातून ते आजारी असलं की बराच भाग आधीच पाण्याने भरलेला. उरलेल्या, हवा घेणाऱ्या भागाला गट्टिनोनी या इटालियन डॉक्टरांनी 'बेबी लंग' म्हटलं, कारण तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच असतो. मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की सगळा ताण त्या तुकड्यावर.

मला नवल वाटतं ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं. केशवाहिनी आणि हवेची पिशवी यांच्यातला पडदा कित्येक ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. अस्तराच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सांध्यांनी धरून असतात. ताण वाढला की फाटण्याआधीच त्यांना तो कळतो. आवरणातल्या वाटा उघडून कॅल्शियम आत शिरतं, पेशीला आतून तोलून धरणारे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे आखडतात, सांधे सुटून फटी पडतात. त्यातून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं हवेच्या पिशवीत. वर पांढऱ्या पेशींनाही बोलावणं जातं. प्रयोगशाळेत याच पेशी लवचिक पडद्यावर वाढवून ताणतात. 5 टक्के ताण त्या निमूट सोसतात, 18 टक्क्यांना बिथरतात.

दोष दाबाचा की फुगण्याचा? 1988 साली फ्रान्समध्ये ड्रेफस आणि सहकाऱ्यांनी काही उंदरांची छाती पट्ट्याने आवळली आणि हवेचा दाब मात्र इतरांइतकाच जास्त ठेवला. फुगू न दिलेल्या फुप्फुसांत पाणी झालं नाही. पुढे 2000 साली अमेरिकेत 861 पेशंटांवरच्या चाचणीत किलोमागे 12 ऐवजी 6 मिली हवा दिली आणि मृत्यू जवळपास 40 टक्क्यांवरून 31 वर आले. औषध नवं नव्हतंच, फक्त कमी वाढलं.

कमी वाढण्याचा भुर्दंडही असतो. कार्बन डायऑक्साइड साचतो, श्वास मिनिटाला 35पर्यंत न्यावे लागतात, आणि रिपोर्टातला लाल आकडा बघून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला भाऊ फोनवर फोन करतो.

कोपरीच्या एका काकूंनी परवा शेवटचा प्रयत्न केला. "आज नाही तर नाही, उद्या तरी वाढवाल ना?"

"उद्या मशीनचा आधार कमी करायचा विचार आहे, काकू."

त्यांचा चेहरा पडला. मग ही चांगली बातमी कशी, ते सांगायला मी त्यांच्याशेजारी बाकावर बसलो.