बहिणींची नावं सातबाऱ्यावर: कोकणी मुस्लिम गावातली वारसनोंद

भिवंडी-कल्याणकडच्या कोकणी मुस्लिम गावांत शेती म्हणजे पावसाळ्यातला भात, कापणीनंतर त्याच खाचरात ओलीवर वाल किंवा हरभरा, थोडी वरकस (चढावरची हलकी) जमीन आणि बांधावरचे आंबे. घरटी एखादा तरी आखातात. जमीन गुंठ्यांत मोजायची, तरी शेजारून महामार्ग निघाला किंवा गोदाम उठलं की भाव चढतो आणि आजोबांच्या नावावरच राहिलेला सातबारा सगळ्यांना आठवतो. वारसनोंदीला याहून वाईट वेळ नाही. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत ती करायची असते. मुदत उलटली म्हणून हक्क बुडत नाही, पण मधल्या काळात आणखी दोघं-तिघं जातात आणि हिशेब पिढ्यांचा होतो.

आधी हिस्से. समजा वडिलांची दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन आहे. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी वजा होतं, न दिलेला मेहेरही (निकाहात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) कर्जातच धरायचा. मुलं असल्यामुळे बायकोला १/८, म्हणजे १० गुंठे. उरलेल्या ७० चे सात भाग: मुलग्याचे दोन, मुलीचा एक. मुलग्यांना २०-२० आणि मुलींना १०-१० गुंठे. आता वडिलांची आईही हयात आहे असं धरा. तिला १/६ द्यायचा, मग एकूण १६८ भाग पडतात: बायको २१, आई २८, प्रत्येक मुलगा ३४, प्रत्येक मुलगी १७. आजीला विसरून केलेली वाटणी मुळातच चुकते, आणि अशी चूक फार होते. पुढे बायको गेली की तिचे २१ भाग तिच्या वारसांत जातात. त्यात मुलांबरोबर तिचे हयात आईवडीलही येतात. म्हणून कोण कोणत्या तारखेला गेलं, याची यादी कागदावर आधी मांडावी.

बापाच्या हयातीत मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, तर वारलेल्याच्या मुलांना आजोबांकडून वारसाने काही मिळत नाही. त्यांच्यासाठी आजोबांनी हयातीतच मृत्युपत्र किंवा हिबा, म्हणजे बक्षीस, करायला हवा. मृत्युपत्राने जास्तीत जास्त १/३ देता येतं. त्यापुढे, किंवा एखाद्या वारसालाच द्यायचं असेल तर, बाकीच्या वारसांची संमती लागते.

१९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळली आहे, म्हणून बहिणींना हिस्सा नाही, असं सांगणारे गावोगाव भेटतात. वगळलं म्हणजे जमीन मुलग्यांची झाली असा अर्थ निघत नाही. मुलींना न देण्याची रूढी आहे असा ज्याचा दावा असेल, त्याने ती सिद्ध करायची असते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र जुन्या नोंदींतल्या तीन अक्षरांनी केलं आहे: ए.कु.पु., म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पनाच नाही. जन्माने हक्क येत नाही आणि वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणी ठरतो. तरीही थोरल्या भावाचं एकट्याचं नाव अशा शेऱ्याने लागलं. तो गेल्यावर वारसनोंद झाली ती त्याच्या बायकामुलांची. धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावरून पुसल्या गेल्या. म्हणून आजचा उतारा पाहून थांबू नये. सातबाऱ्यावरच्या फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांकांवरून मागे मागे जावं आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या नकला काढाव्यात. त्यांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. एकच माणूस महमद, महंमद आणि मोहमद असा तीन तऱ्हांनी सापडतो. आधार आणि पासपोर्टवरचं नाव त्याच्याशी जुळत नसेल, तर तो एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडावं.

अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि सर्व वारसांची वयं, नाती व पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्याच पाहिजेत. नावापुढे अपूर्णांकातला हिस्सा लिहून मागावा, कारण नुसती नावं लागली की पुढे सगळे समान धरले जातात. नोंद आधी नमुना सहा-क या वारस नोंदवहीत, मग फेरफार, नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हरकत आली की नोंद तक्रारीत जाते. निकाल मान्य नसेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील.

'बहिणी हक्क सोडणारच आहेत, मग नावं कशाला?' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. बहिणींची नावं आधी लागू द्यावीत. सोडायचंच असेल तर त्यांनी नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. तलाठ्यापुढच्या साध्या जबाबावर हक्क सोडल्याचं दाखवून नाव गाळणं चूक आहे. वडील हयात असताना लिहून घेतलेलं तर आणखी कच्चं, कारण तेव्हा मुलीकडे सोडायला हक्कच नसतो. त्या वेळी तिने मोबदला घेतला असेल तर मात्र तिचा पुढचा दावा अडचणीत येऊ शकतो.

हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याचं म्हणणं, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा. ताब्यापाशीच बहुतेक हिबे अडकतात. बाप शेवटपर्यंत स्वतः शेत कसतो आणि भातही स्वतःच्या नावाने विकतो, मग ताबा दिला कुठे? हनफी आणि शाफई हे सुन्नी कायद्याचे दोन पंथ. हनफी मताने वाटणी होण्याजोग्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याचा हिबा सदोष ठरतो. शाफई मताने तो चालतो आणि कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. वकील दुसरीकडचा असेल तर हे त्याला आवर्जून सांगावं. तोंडी हिबा कायद्याने होतो, पण फेरफारासाठी नोंदणीकृत दस्त असलेला बरा.

वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर नोंदीत अ.पा.क. (अज्ञान पालक कर्ता) म्हणून आई किंवा काकाचं नाव लागतं. तेवढ्याने त्यांना विक्रीचा अधिकार येत नाही. मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मिळकतीचे पालक म्हणजे बाप, बापाने नेमलेला, आजोबा (बापाचे वडील) किंवा आजोबांनी नेमलेला. यांपैकी कोणी नसेल तर न्यायालयाची परवानगी लागते. तिच्याशिवाय विकलेला पोराचा हिस्सा घेणाऱ्याला मिळतच नाही, मग खरेदीखत कितीही ठसठशीत असो.

गावठाणातल्या घराची घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत असेल तर त्यावरही सर्व वारसांची नावं तपासावीत. मशिदीची किंवा कब्रस्तानची जमीन शेजारी असेल तर आधी मोजणी आणून हद्द पक्की करावी.

भूसंपादनात पैसा अभिलेखातल्या नावांवर निघतो. गाळलेली बहीण नंतर उभी राहिली की वाटपाचा वाद भूसंपादनाच्या प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयाकडे जातो आणि रक्कम तिथे जमा राहते. भाऊही तोवर हात चोळत बसतात. परदेशातल्या वारसाचं मुखत्यारपत्र यासाठी आधीच मागवून ठेवावं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. लिफाफ्यावरची पोचल्याची तारीख जपून ठेवावी, मुदत तिच्यावरूनच मोजतात.