जुन्या ट्यूबलाइट कोणी घेईना

घराचे वायरिंग नव्याने करून घेतले तेव्हा सगळ्या खोल्यांतले दिवे एलईडीचे झाले आणि त्या निमित्ताने माळाही रिकामा करायचे ठरले. रद्दी, बाटल्या, तांब्यापितळेची मोड आणि जळालेला मिक्सर भंगारच्या दुकानात गेले, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी देणाऱ्या दुकानदाराने किंमत वळती करून परत नेली आणि जुना टीव्ही ई-कचरा संकलनाच्या मोहिमेत गेला. अडले ते ट्यूबांपाशी. चार फुटी ट्यूबा, वर्षानुवर्षे साठलेले सीएफएल आणि पाऱ्याचा एक थर्मामीटर एवढेच सामान उरले होते, पण ते योग्य जागी पोहोचवण्यात जवळजवळ अख्खा पावसाळा गेला.

भंगारवाल्याला ट्यूबांच्या टोकांना असलेल्या ॲल्युमिनियमच्या टोप्या हव्या होत्या. "फोडून टोप्या तेवढ्या आणा, काच नको," असे तो म्हणाला. ई-कचऱ्याच्या मोहिमेतल्या मुलांनी टीव्ही उचलला, पण ट्यूबा वाटेत फुटतात म्हणून नाकारल्या. वास्तविक २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत फ्लुरोसंट आणि पारा असलेले दिवे स्पष्टपणे नमूद आहेत. घंटागाडीवरच्या ताई मात्र "द्या की, टाकते डब्यात" म्हणाल्या. त्यांच्या हातांत मोजे नव्हते आणि गाडीतला कचरा दाबला जाताना ती काच त्यांच्यापासून हातभर अंतरावर फुटणार होती. त्यांच्या हाती ट्यूब देणे मला शक्य नव्हते.

एका ट्यूबमध्ये पारा असतो तो काही मिलिग्रॅम, पण तो साध्या तापमानालाही हवेत मिसळतो आणि श्वासावाटे शरीरात जातो. कचरा डेपोतून पाण्यात उतरला, तर त्याचे मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग होऊन माशांत साठत जाते. जपानमधल्या मिनामाता गावाने हे भोगले आणि पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचे नाव मिळाले. भारताने तो करार २०१८ मध्ये स्वीकारला. सरळ ट्यूबांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचे असे त्या कराराच्या देशांनी २०२३ साली ठरवले आहे, म्हणजे येत्या काही वर्षांत घराघरांतून निघालेल्या ट्यूबांचा मोठा लोंढा कचऱ्यात येणार आहे. एकट्या माझ्या माळ्यावरच्या ट्यूबांचा हा प्रश्न नाही, म्हणूनच मी तो सोडला नाही.

तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचरा अशी वेगळी वर्गवारी केलेली होती. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया तिच्यात येत होत्या. हा कचरा नागरिकांनी वेगळा ठेवावा आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारून त्याची वेळ जाहीर करावी, असे ते नियम सांगत होते. यातले नागरिकाचे काम माझ्या घरात कधीच पूर्ण झाले होते. म्हणून केंद्र कुठे आहे हे विचारायला मी प्रभाग कार्यालयात गेले.

खिडकीतल्या लिपिकाने दिव्याचे नाव ऐकताच विद्युत विभागाकडे बोट दाखवले. विद्युत विभागाने आम्ही रस्त्यावरचे दिवे बघतो, घरातले नाही, असे सांगून घनकचरा विभागाकडे पाठवले आणि तिथे निरीक्षक साहेब फिरतीवर होते. पुढच्या खेपेलाही ते फिरतीवरच होते. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर ओला, सुका आणि घातक अशा तीन रंगांच्या डब्यांचे मोठे भित्तिपत्रक लावलेले होते. त्यातल्या तिसऱ्या डब्यावर चक्क ट्यूबलाइटचे चित्र होते. ते चित्र दाखवून मी शेजारच्या टेबलावर विचारले की हा डबा कुठे ठेवला आहे, तर "मॅडम, ते जनजागृतीसाठी आहे," असे उत्तर मिळाले. ते वाक्य मला अजून विसरता आलेले नाही.

महापालिकेच्या मोबाइल ॲपवर तक्रार करून पाहिली. तिथे घातक कचऱ्याचा पर्यायच नव्हता, म्हणून "कचरा उचलला नाही" हा पर्याय निवडून खाली सगळे सविस्तर लिहिले. आमच्या गल्लीच्या स्वच्छ कोपऱ्याचा फोटो जोडून ती तक्रार निकाली काढण्यात आली. तोंडी बोलण्याला आणि ॲपवरच्या मजकुराला ज्या कार्यालयात कोणी उत्तरदायी नसते, तिथे कागदच चालतो, हे तेव्हा पक्के झाले.

नियमाचा उल्लेख करून मी एक पानी अर्ज लिहिला आणि दोन प्रती घेऊन गेले. साहेबांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारता येणार नाही, असे आवक-जावकच्या टेबलावर सांगण्यात आले. हे चूक आहे. आलेला अर्ज नोंदवून घेऊन त्याची पोच देणे एवढेच त्या टेबलाचे काम आहे, अर्जाची योग्यता ठरवणे नव्हे. मी शांतपणे तिथल्या बाकावर बसून राहिले आणि जेवणाच्या सुट्टीच्या थोडे आधी आवक क्रमांकासह शिक्का मिळाला. कोणाला असा अर्ज द्यायचा असेल तर तो सकाळी लवकर द्यावा, आपल्या प्रतीवर क्रमांक स्वच्छ उमटला आहे हे तिथेच पाहावे आणि पोच हातात पडल्याशिवाय उठू नये.

क्रमांक पडल्यावर निरीक्षकांचा स्वतःहून फोन आला. केंद्र आहे, असे म्हणून त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता दिला. रिक्षाने तिथे पोहोचले तेव्हा पत्र्याच्या एका खोलीला कुलूप होते आणि खिडकीतून आत खराटे, घमेली आणि निवडणुकीचे जुने फलक दिसत होते. चौकीदार भला माणूस होता. इथे ट्यूब घेऊन कधी कोणी आलेले नाही, असे त्याने सांगितले. केंद्राची माहितीच कोणाला दिलेली नाही, तर कोणी येणार कसे? मी कुलपाचा आणि खोलीचा फोटो काढला, आधीच्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र लिहिले आणि या वेळी त्याची प्रत उपायुक्तांनाही दिली.

मार्ग निघाला तो ज्या इमारतीतून मला परत पाठवले होते तिथेच. विद्युत विभागाच्या भांडारपालांनी स्मरणपत्र वाचून सांगितले की रस्त्यांवरून काढलेले सोडियमचे दिवे आणि ट्यूबा त्यांच्या गोदामात जमा होतात आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची गाडी येऊन त्या नेते. निरीक्षकांनी चार ओळींचे पत्र दिले तर घरगुती ट्यूबाही त्याच गाडीत जाऊ शकत होत्या. ते पत्र दुसऱ्याच दिवशी मिळाले. गोदामातल्या वहीत नोंद झाली, मी सही केली आणि त्या खोक्यांवरून हात काढताना मला मनापासून हायसे वाटले. अशा कारखान्यात ट्यूब बंद यंत्रात फोडतात, पाऱ्याची वाफ कार्बनच्या गाळणीत अडवतात आणि काच, ॲल्युमिनियम व आतली पांढरी भुकटी वेगळी काढतात.

ट्यूबा नेण्याचा त्रास मोठा असतो, त्याबद्दल सांगायचे राहिले. प्लंबरकडे उरलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपचा साडेचार फुटी तुकडा मी मागून घेतला, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ट्यूबा सरकवल्या आणि दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे घट्ट बसवले. रिक्षात आडवा धरून नेला तरी एकही फुटली नाही. सीएफएलसाठी अंड्यांचे ट्रे उत्तम.

घरात ट्यूब किंवा सीएफएल फुटलाच तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर राहावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात वापरू नये, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सगळे झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून बरणीवर चिठ्ठी लावावी.

आता आमच्या सोसायटीत जिन्याखाली ट्यूबांसाठी एक लाकडी खोका ठेवला आहे आणि पुरेशा साठल्या की मी भांडारपालांना फोन करते. परंतु ही सोय एका पत्रावर आणि एका सज्जन कर्मचाऱ्यावर उभी आहे. त्यांची बदली झाली की ती संपेल. पत्र्याच्या त्या खोलीचे कुलूप महिन्यातून एका ठरावीक दिवशी उघडावे आणि त्या दिवसाचा फलक प्रत्येक प्रभाग कार्यालयात लागावा, ही मागणी करणारा माझा तिसरा अर्ज सध्या उपायुक्तांच्या कार्यालयात आहे.