आमची वाटचाल : तळटिपांच्या सोबतीने

मजकूर तपासणे आणि पाने लावणे, एवढेच काम करणारी आम्ही तीन माणसे. सुरुवातीला अहवाल, पाठ्यपुस्तके, जे येईल ते घेत होतो. मग कायदा शिकणारी चार मुले आली. त्यांना सामाजिक आणि आर्थिक न्यायाला वाहिलेले नियतकालिक काढायचे होते. लेख निवडणार मुलेच, तपासणारही मुलेच. ही रीत जुनी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू हे अमेरिकेतले कायद्याचे नियतकालिक 1887 मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केले आणि आजही तेच चालवतात.

पहिल्याच अंकात आमच्या हातून मोठी चूक झाली. छपाईच्या आदल्या दिवशी एका लेखकाने एक तळटीप वाढवली. पुढचे क्रमांक आपोआप सरकले, पण 'पाहा, वरील टीप 14' असे हाताने टाइप केलेले उल्लेख तसेच राहिले. घरातून हुसकावलेल्या कुटुंबांवरचा लेख होता तो, आणि निकालाच्या जागी भलताच संदर्भ दिसत होता. शुद्धिपत्र आमच्या खर्चाने छापले. तेव्हापासून असा प्रत्येक उल्लेख टिपेशी जोडूनच घेतो आणि शेवटच्या प्रुफानंतर मजकुराला हात लावत नाही, लेखक कितीही मोठा असो.

मूळ निकालपत्र उघडल्याशिवाय तळटीप पुढे सोडायची नाही, हा मुलांचा शिरस्ता. किमान वेतनावरच्या एका लेखात एक वाक्य न्यायालयाचे म्हणून दिले होते. मूळ निकालात ते एका पक्षाच्या वकिलाच्या युक्तिवादाचे निघाले. दोन रात्री जागून परिच्छेद बदलला. इतके कशाला ताणायचे, असे मी बोलून गेलो, तेव्हा संपादिकेने मला गोल्डबर्ग विरुद्ध केली हा खटला समजावून सांगितला. 1964 साली येल लॉ जर्नल या विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या नियतकालिकात एक लेख आला होता. सरकारी मदतीलाही मालमत्तेसारखे संरक्षण हवे, असे त्यात मांडले होते. 1970 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय गरिबाची मदत बंद करता येणार नाही. त्या निकालात या लेखाचा हवाला आहे, तोही तळटिपेत! त्या दिवसापासून मी तक्रार केलेली नाही.

सगळ्यांत अवघड जाते ते दरवर्षी बदलणारे संपादक मंडळ. मुले तयार होतात आणि पदवी घेऊन निघून जातात. म्हणून घेतलेला प्रत्येक निर्णय आम्ही एका वहीत टिपतो, आणि जुन्या मंडळाने नव्यासोबत एक अंक बसायचेच, ही आमची अट आहे. पैसे हप्त्यांनी येतात, ते चालते. बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे मोफत कायदेविषयक मदतीच्या पुस्तिकांचे काम आम्हालाच आणून दिले.

सध्या घरकामगारांवरचा विशेषांक हातात आहे. दुसरे प्रूफ तपासून झाले. टीप 62 चे मूळ निकालपत्र मिळालेले नाही, तोवर तो लेख थांबवून ठेवला आहे.