पाच एमबी मेल आणि एक जुनं प्लगइन

बाबा बीएआरसीत, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रात, ट्रेड्समन होते. रोज सकाळी वाशीहून खाडीपूल ओलांडून कामाला जायचे. आत काय करता असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लोखंड कापतो." आईलाही यापलीकडे कधी काही कळलं नाही.

मे १९९८ मध्ये ११ आणि १३ तारखेला पोखरणला स्फोट झाले, सोसायटीत पेढे वाटले गेले. मग जूनमध्ये पेपरात बातमी आली. मिल्वर्म नावाच्या टोळक्यानं बीएआरसीच्या सर्व्हरमध्ये शिरून वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं, वर पाचेक एमबी मेल उचलून नेल्या. पोरं पंधरा ते अठरा वर्षांची, कुणी अमेरिकेतलं, कुणी ब्रिटनमधलं, कुणी नेदरलँड्स नि न्यूझीलंडचं. अणुचाचण्यांचा निषेध म्हणून केलं, असं त्यांचं म्हणणं.

आईनं बातमी मोठ्यानं वाचली. "बघा! आम्हाला इतक्या वर्षांत काही सांगितलं नाहीत, आणि या कार्ट्यांनी घरबसल्या सगळं वाचलं." बाबांनी चहा संपवला, डबा उचलला आणि गेले. त्यांना तर मेल आयडीसुद्धा नव्हता.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. खरं सांगतो, राग नाही आला, हेवा वाटला. आपल्याकडे आयटी कायदासुद्धा ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला, म्हणजे तेव्हा त्या पोरांना नेमकं कुठलं कलम लावायचं हाही प्रश्नच होता. (आज कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. सायबर दहशतवादाचं ६६-एफ लागलं तर जन्मठेपेपर्यंत.)

तो हेवा २०१२ पर्यंत टिकला. त्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी पायरसीच्या नावाखाली विमिओसारख्या अख्ख्या साइट बंद केल्या होत्या. अनॉनिमस नावाच्या हॅकर गटानं उत्तर म्हणून सुप्रीम कोर्टाची आणि काँग्रेसची साइट पाडली. साइट पाडणं म्हणजे कुलूप फोडणं नव्हे. हजार जणांनी एकाच खिडकीवर जाऊन "फॉर्म आहे का?" एवढंच विचारत राहायचं, की खऱ्या माणसाचा नंबरच लागत नाही. घेरावच तो. मला त्यात फार वावगं वाटलं नाही. ९ जूनला त्यांनी रस्त्यावरही उतरायचं ठरवलं, तेव्हा हार्बर पकडून मीही आझाद मैदानात गेलो. जूनच्या उकाड्यात पोरं अनॉनिमसची खूण असलेले प्लास्टिकचे मुखवटे घालून उभी, हनुवटीखालून घाम गळतोय. पाणी प्यायला मुखवटा वर केला की मिसरूड फुटलेलं कोवळं तोंड दिसायचं.

पुढे मी महापेला होस्टिंगच्या, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या धंद्यात शिरलो. एका ऑगस्टमध्ये, १५ तारखेच्या आदल्या रात्री, फोन वाजला. आमच्याकडची एक साइट बदलली गेली होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, भारत सरकारला शिव्या आणि मागे कसलंसं गाणं. साइट होती एका छोट्या ट्रस्टची. त्या पानावर एरवी रक्तदान शिबिरांचं वेळापत्रक असायचं.

लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं याच्या नोंदी, चाळत बसलो. आलेल्याला ट्रस्टचं नावही माहीत नसावं. एका प्लगइनची, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या तुकड्याची, जुनी आवृत्ती ज्या ज्या साइटवर होती, ती प्रत्येक साइट त्याची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) ओळीनं ठोकत गेली होती. निषेध दिल्लीचा, पण दार उघडं सापडलं ते यांचं. मिल्वर्मच्या पोरांनी निदान दार तरी निवडलं होतं. अर्थात दुसऱ्याच्या मेल वाचणं मला आजही पटत नाही. भिंतीवर घोषणा लिहिणं वेगळं आणि आत शिरून कपाट उघडणं वेगळं.

बॅकअप चार दिवसांपूर्वीचा निघाला. मधल्या दोन शिबिरांची नावनोंदणी गेली ती गेलीच. पहाटे चारला ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन केला. सत्तरीतले गृहस्थ, सगळं ऐकून घेतलं.

"पण आम्ही काय केलं होतं हो त्यांचं?"

"प्लगइन अपडेट केलं नव्हतं, काका."




"ते काय असतं?" काकांनी विचारलं, आणि मी पहाटे चारला त्यांना प्लगइन समजावू लागलो.