उन्हाळ्यासाठी एक फ्रॉक

शनिवार, रात्री साडेदहा

आई आत्ताच झोपली. दिवसभर चालून तिच्या टाचा दुखत होत्या, म्हणून कोमट पाण्यात मीठ घालून पाय शेकायला दिले. पाय टबात ठेवून ती बराच वेळ बोलत होती. शेवटी जे म्हणाली ते विसरायच्या आत लिहून ठेवते. पण आधी दिवस लिहिते, नाहीतर त्या बोलण्याचा संदर्भ लागायचा नाही.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत येऊन मला नऊ वर्षं झाली. या काळात हिल्सबरोच्या पाटीवरून किती वेळा गाडी नेली असेल, पण उतरले कधीच नाही. 40 मिनिटांवरचं गाव. आई सहा महिन्यांसाठी आली आहे. मॉल, देऊळ आणि इंडियन ग्रोसरी यापलीकडे तिला मी काही दाखवलं नव्हतं आणि ते मनाला खात होतं. म्हणून सकाळी डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी भरली आणि निघालो. एप्रिलमधल्या पाइनच्या परागांनी गाडी पिवळीधमक झाली होती. आईनं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हे तर भंडारा उधळल्यासारखं दिसतंय." रस्त्याच्या दोन्ही अंगांना डॉगवुड पांढरंशुभ्र फुललं होतं.

गाव छोटं, पण जुनं. 1754 साली वसलं. विल्यम चर्टन नावाच्या मोजणीदारानं आखणी केली, आणि मुख्य रस्त्याला आजही त्याचंच नाव आहे. चर्टन स्ट्रीट आणि किंग स्ट्रीट जिथे मिळतात तो गावचा चौक. त्याच्या अलीकडे जुनं कोर्ट. लाल विटांचं, पुढे जाडजूड खांब, वर घुमटी आणि त्यात घड्याळ. ही इमारत 1845 मध्ये पुरी झाली, जॉन बेरी नावाच्या इथल्याच गवंड्यानं बांधली. घड्याळ त्याहून जुनं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजानं ते भेट दिलं, असं गाव सांगतं.

पर्यटन केंद्रातून नकाशा घेतला. हे केंद्रसुद्धा एका जुन्या लाकडी घरात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन तहाच्या बोलणीसाठी याच घरातून निघाला होता. नकाशात इतकं काही होतं की काय बघावं कळेना. 1788 साली इथे जमलेल्या प्रतिनिधींनी, नागरिकांच्या हक्कांची सनद आधी जोडा, मगच देशाची नवी राज्यघटना मान्य करू, असं 184 विरुद्ध 84 मतांनी ठणकावलं होतं. हे वाचून मला या गावाविषयी एकदम आदर वाटला. आईला मात्र रस्त्यांच्या नावांत जास्त रस.

"हा ट्रायन कोण?" तिनं विचारलं. सांगितलं. विल्यम ट्रायन, इंग्रजांचा गव्हर्नर. तेव्हा इथले शेतकरी कोर्टकचेरीतल्या अंमलदारांना कंटाळले होते. कागद करायचा तर मनाला येईल ती फी, आणि शेरीफ कर गोळा करून खिशात घालणार. शेतकऱ्यांनी संघटना केली, स्वतःला रेग्युलेटर म्हणवून घेतलं. अर्ज केले, विनंत्या केल्या, काही होईना. शेवटी 1770 च्या सप्टेंबरात ते याच गावच्या कोर्टात घुसले, फॅनिंग नावाच्या अंमलदाराला पाय धरून फरफटत बाहेर काढलं आणि त्याचं घर पाडलं. पुढच्या मे महिन्यात ट्रायन फौज घेऊन आला. अलमान्सच्या लढाईत शेतकरी हरले, आणि 19 जून 1771 ला सहा जणांना इथेच, गावाच्या कडेला फाशी दिली.

आई रस्त्याच्या पाटीकडे बघत राहिली. "आणि रस्त्याला नाव फाशी देणाऱ्याचं."

पुढे किंग स्ट्रीटवर मलाच एक धक्का बसायचा होता. नकाशातल्या एका ओळीत कॉर्नवॉलिस! अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा इंग्रज सेनापती 1781 च्या फेब्रुवारीत फौजेसह या गावात तळ देऊन होता. इंग्रजांचं निशाण उभारून त्यानं, या आणि राजाच्या बाजूनं लढा, असं लोकांना आवाहन केलं, आणि काही दिवसांत धान्याची टंचाई पडल्यावर निघून गेला. चिखलात गाड्या रुतू नयेत म्हणून त्याच्या शिपायांनी या चौकात दगड बसवले, असंही गावात सांगतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला तो शरण आला. अमेरिकेतल्यांसाठी त्याची गोष्ट तिथे संपते.

पण आमचं गाव तासगाव. 1786 मध्ये हाच माणूस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला आणि पाच वर्षांत टिपूवर चालून गेला. 1791 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणासमोर त्याची फौज उपाशी मरत होती, बैल मेले होते, त्यानं स्वतःच्या मोठ्या तोफा फोडून टाकल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्याला मराठ्यांची फौज भेटली. हरिपंत फडके आणि आमचे परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात दाणागोटा होता. चढ्या भावानं का होईना, इंग्रज जेवले. परशुरामभाऊंनी बांधलेल्या तासगावच्या गणपतीच्या देवळाला दक्षिणी पद्धतीचं उंच गोपुर आहे. आई लग्न होऊन तासगावात आली तेव्हापासून रोज त्या गोपुराखालून जाते, ऋषिपंचमीला रथ ओढताना दोराला हात लावते.

मी भर रस्त्यात उभी राहून आईला हे सगळं सांगत होते, बहुतेक मोठ्यानं, कारण एक गृहस्थ थांबून हसून पुढे गेले. आई म्हणाली, "म्हणजे ज्यानं भाऊंच्या छावणीत धान्य विकत घेतलं, तो आधी इथं उपाशी होता?" हो आई, तोच. मला इतका आनंद झाला होता! नऊ वर्षं इथल्या इतिहासाकडे मी दुसऱ्याचा इतिहास म्हणून बघत होते, आणि आज त्याच्यात माझ्या शाळेच्या वाटेवरचं गोपुर दिसलं.

मग एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. आईला तिथे गोधडी दिसली. इथे क्विल्ट म्हणतात, पण आईच्या लेखी गोधडीच. आईनं पस्तीस वर्षं पायमशीनवर गावातल्या बायकांची पोलकी, ब्लाउज, पोरींची परकर-पोलकी शिवली. त्यावर आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं झाली. तिनं दुकानदारीणबाईंकडे बघून हात लावू का असं खुणेनंच विचारलं आणि गोधडी उलटी केली. सुलटी बाजू कुणीही बघतं, आई नेहमी उलटी बघते. धावदोऱ्यावरून अंगठा फिरवत गेली. एका जागी थांबली. "इथंपर्यंत एकीचा हात आहे. इथून दुसरी बसली. हिचा टाका बघ, लांब आणि जरा ओढलेला. घाईत होती, नाहीतर हात दुखत असतील." मी वाकून पाहिलं. खरंच टाका बदलला होता. आधीचे टाके तांदळाच्या कणीएवढे, नंतरचे त्याच्या दुप्पट. दुकानदारीणबाईंना मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यांनीही चष्मा लावून पाहिलं आणि आईचा हात हातात घेतला.

त्यानंतर बरवेल स्कूल. चर्टन स्ट्रीटवर जरा चढावर, मोठ्या झाडांच्या सावलीतलं पांढरं लाकडी घर. इथे 1837 ते 1857 मुलींची शाळा होती. पाद्री रॉबर्ट बरवेल आणि त्यांची बायको मार्गारेट ॲना ती चालवायचे. त्या काळात मुलींना इतकं शिकवणं ही मोठीच गोष्ट. पण त्याच घरात एक मुलगी होती जिच्या वाट्याला शाळेत बसणं नव्हतं, राबणं होतं. एलिझाबेथ केकली. गुलाम.

तिच्याविषयी मी आधी थोडंफार वाचलं होतं, पण त्या पायऱ्यांवर उभं राहून ते आठवणं वेगळं. ती 1818 साली व्हर्जिनियात जन्मली. आई ॲग्नेस, मालकाच्या घरची शिवणकाम करणारी. बाप म्हणजे खुद्द मालक. म्हणजे ज्या रॉबर्ट बरवेलच्या घरी तिला पाठवलं तो तिचा सावत्र भाऊच. तीन नोकरांचं काम आपण एकटीनं करायचो, असं तिनं पुढे लिहिलं. तिचा ताठा मोडायचा म्हणून गावातल्या एका मास्तराकडून तिला चाबकानं मारवलं. ती वाकली नाही. शेवटी तो मास्तरच रडला आणि म्हणाला, हिला आणखी मारणं पाप आहे. गावातल्याच एका गोऱ्यानं चार वर्षं तिच्यावर जबरदस्ती केली. त्यातून तिला मुलगा झाला, जॉर्ज.

पुढे सेंट लुइसमध्ये तिच्या सुईवर सतरा माणसं दोन वर्षं पाच महिने जेवली. हा आकडा तिनंच लिहून ठेवलाय. 1855 मध्ये 1,200 डॉलर मोजून तिनं स्वतःला आणि मुलाला सोडवलं. त्यासाठी गिऱ्हाईक बायकांनी उसने दिलेले पैसे तिनं शिवून फेडले. मग वॉशिंग्टन, आणि 1861 पासून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवणारी म्हणून तिचं नाव झालं. त्याच वर्षी जॉर्ज उत्तरेच्या बाजूनं लढताना मारला गेला.

आई सतरा माणसांवर अडकली. "सतरा?" तिनं दोनदा विचारलं. "मला चौघांचं करताना डोळे जायचे गं."

नंतर मार्गारेट लेनवरच्या छोट्या दफनभूमीत गेलो. इथे गुलामांना पुरायचे. गवत, झाडं, आणि बहुतेक कबरींवर दगडच नाहीत. गावातल्या दुसऱ्या, जुन्या दफनभूमीत नावं कोरलेल्या शिळा आहेत. इथे आई चपला काढून उभी राहिली. पाय कुठे ठेवावा हे कळत नाही म्हणाली, कुणाच्या अंगावर पडायचा. मीही काढल्या. आम्ही काही बोललो नाही.

दशम्या ईनो नदीकाठी खाल्ल्या. नदी आमच्या येरळेसारखीच, पात्र दगडगोट्यांचं, पाणी बेताचं. काठानं छान पायवाट केली आहे. गाव वसायच्या कितीतरी आधी या काठावर ऑकनीची या इथल्या मूळ लोकांची वस्ती होती, त्यांचा व्यापाराचा मार्ग इथूनच जायचा. तिथल्या बाकावर बसून मी फोनवर एलिझाबेथचं पत्र शोधलं आणि आईला मराठीत सांगत गेले. 10 एप्रिल 1838, हिल्सबरो. तेव्हा ती वीस वर्षांची. आईला लिहिलंय. तुम्ही सगळे मला विसरलात बहुतेक, नाहीतर एखादी ओळ तरी आली असती. तरी माझी तुमच्यावर माया आहे, पुन्हा भेट होईल असं वाटत नाही. गेल्या ऑक्टोबरपासून गावात सहा लग्नं झाली. मावशीनं पाठवलेली भेट मी इतकी जपून ठेवलीय की एकदाच अंगात घातली. माझी दुःखं सांगायला हा कागद पुरायचा नाही. आणि शेवटी, या उन्हाळ्यात मला एक छानसा फ्रॉक पाठव.

मला पुढे वाचवेना. जिच्या हातचा पोशाख घालून पुढे राष्ट्राध्यक्षांची बायको समारंभांना जाणार होती, ती आईकडे फ्रॉक मागत होती. मी पुण्यात हॉस्टेलवर होते तेव्हा पत्राच्या शेवटी मीही असंच लिहायचे, आणि एसटीच्या पार्सलनं ड्रेस यायचा, घडीत बेदाण्याची पुडी. तो मागताना मला कधी वाटलं नव्हतं की ही केवढी चैन आहे.

आई काही म्हणाली नाही. दशमीचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. येताना गाडीतही गप्पच होती, मला वाटलं दमली.

रात्री टबात पाय ठेवल्यावर एकदम म्हणाली, "माप कुठलं घेतलं असेल गं?"

"कुणी?"

"तिच्या आईनं. पोरगी लांब. विसाव्या वर्षी अंग बदलतं. राबून राबून वाळली असेल, नाहीतर खांदे रुंद झाले असतील. जुन्या मापावर शिवला तर बसायचा नाही."

मी विचारलं, तू काय केलं असतंस?

तिनं टॉवेलनं पाय पुसले, एकेक बोट नीट कोरडं केलं. "मी तुझे शिवायचे तसा शिवला असता. कडेच्या शिलाईत दोन-दोन बोटं माया सोडायची. खाली दुमडीतही सोडायची. मग पोरगी कशीही झालेली असू दे, उसवून तिची तिला अंगाबरोबर करता येतो. आणि तिला तर शिवता येत होतं."