३१ मार्चला झाडावरचा हापूस

वर्ष संपतं तेव्हा रत्नागिरीच्या बागेत बराचसा हापूस झाडावरच असतो. इंड एएस (भारतीय लेखा मानकं) लागू असलेल्या कंपनीचे हिशेब नेमके इथे अडतात. आंब्याचं कलमी झाड इंड एएस १६ खाली: खर्च वजा घसारा, आणि घसारा झाड धरू लागल्यावरच. त्यावरची कैरी मात्र इंड एएस ४१ खाली, रास्त मूल्य (बाजारात मिळू शकेल ती किंमत) वजा विक्रीखर्च. या मूल्यात पडणारा फरक थेट नफा-तोट्यात. कोवळ्या फळाला वाशी बाजारातला तयार पेटीचा भाव लावू नका, फळगळ आणि काढणीपर्यंतचा खर्च धरा.

तयार पेटी समजा २,००० रुपये. वाहतुकीचे १५० रास्त मूल्य काढतानाच जातात, दलालीचे २०० विक्रीखर्चात. उरले १,६५०. वाहतूक दोनदा वजा होते, ती चूक आधी तपासा! आंबा उतरवला की याच किमतीला तो साठ्यात, इंड एएस २ खाली.